चुकलेल्या तबकड्या

अल-जझरी या इंजिनिअरने आठशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या यंत्रांच्या ग्रंथात जलघड्याळाच्या तबकडीचा एक भाग आहे. घड्याळातून पाणी कधी भरभर, कधी सावकाश सोडण्यासाठी ही तबकडी लागते. तिची आखणी सांगताना तो सरळ बरोबर आखणीवर येत नाही. आधीच्यांनी अर्ध्या वर्तुळावर राशी आखून केलेली तबकडी तो आधी सांगतो आणि ती तपासल्यावर चुकीची निघाली असं लिहितो. मग पूर्ण वर्तुळाची दुसरी तबकडी येते. तीही चुकते. त्यानंतर तिसरी, जी त्याने प्रत्यक्ष मोजून आखली आणि जी चालली. एवढं वाचून पुढे जाता येतं, पण मी तिथेच अडकलो. राजाच्या पदरी असलेला इंजिनिअर, राजाच्याच सांगण्यावरून पुस्तक लिहितोय. प्रत्येक शब्द हाताने लिहायचा, पुढे प्रत्येक नक्कल हाताने व्हायची. अशा पुस्तकात न चालणाऱ्या दोन तबकड्यांना जागा कशासाठी? आजच्या कुठल्याही मॅन्युअलच्या संपादकाने त्या पहिल्याच वाचनात उडवल्या असत्या.

हा माणूस कोण, याची माहिती जवळपास सगळी त्याच्याच प्रस्तावनेतून मिळते. टायग्रिसकाठचं आमिद, म्हणजे आजचं दियारबाकिर. तिथे अर्तुकी घराण्याचं राज्य होतं. त्या घराण्याच्या चाकरीत त्याची २५ वर्षं गेली. आधी बाप, मग एक मुलगा, मग दुसरा, असे तीन राजे त्याने पाहिले. तिसरा नासिरुद्दीन महमूद. त्याने एकदा या इंजिनिअरला सांगितलं की तू जे करून ठेवलंयस त्याला तोड नाही, ते वाया जाऊ देऊ नकोस, एका ग्रंथात आकृत्यांसह लिहून काढ. ग्रंथ १२०६ साली पुरा झाला. त्यात ५० यंत्रं आहेत आणि त्यांचे ६ वर्ग. पहिल्या चार वर्गांत दहा-दहा: पाण्याची आणि मेणबत्तीची घड्याळं, मेजवानीतली पेयपात्रं, हात धुण्याची आणि रक्त काढताना मोजण्याची पात्रं, कारंजी. उरलेल्या दोन वर्गांत पाच-पाच: पाणी उपसण्याची यंत्रं, आणि मग कुठेच न बसणारी उरलीसुरली कामं, ज्यांत महालाचा ओतीव दरवाजा आहे आणि अक्षरं जुळवून उघडायचं कुलूपही. मेजवानीच्या खेळण्यांना आणि पाणी उपसण्याच्या पंपाला एकाच तोलामोलाने लिहिणारा माणूस मला आवडतो. हाताखालच्या कारागिराला दोन्हींत सांध्याला डाग सारखाच द्यायचा असतो, हे त्याला ठाऊक होतं.

तबकडीची अडचण नीट समजून घ्यायची तर त्या काळचा तास लक्षात घ्यावा लागतो. सूर्योदय ते सूर्यास्त यांचे सरळ बारा भाग करायचे, म्हणजे उन्हाळ्यातला तास लांब आणि हिवाळ्यातला आखूड. आमिदच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे ३८ अंशांवर, सर्वांत मोठा दिवस आजच्या हिशोबाने साधारण पावणेपंधरा तासांचा आणि सर्वांत लहान साडेनऊ तासांचा. घड्याळाचा मोठा हौद मात्र तोच. त्यातला तरंगता फ्लोट सकाळी वर असतो आणि संध्याकाळी तळाला यायला हवा, दिवस केवढाही असो. तेव्हा पाणी बाहेर पडण्याचा वेग रोज थोडा बदलायचा. त्यासाठी हौदाखाली एक लहान टाकी असते. तिच्यातली पातळी दिवसभर हलत नाही. तिथून पाणी एका बारीक छिद्रातून बाहेर पडतं आणि ते छिद्र फिरत्या तबकडीच्या कडेला असतं. तबकडी फिरवली की छिद्र पाण्याच्या पातळीच्या जास्त खाली किंवा कमी खाली जातं. खोल गेलं की धार जोरात. रोज एक अंश फिरवायची, वर्षात फेरी पुरी. रात्रीच्या बारा तासांसाठी समोरची रास.

आता चूक कुठे होते ते पाहा. लहान दिवशी वेग मोठ्या दिवसाच्या सुमारे १.५६ पट हवा. साहजिक वाटतं की खोलीही तेवढीच वाढवावी. पण धारेचा वेग खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे खोली १.५६ च्या वर्गाएवढी, म्हणजे जवळजवळ २.४ पट करावी लागते. मोठ्या दिवशी छिद्र पातळीखाली ४ सेंटिमीटर असेल, तर लहान दिवशी ते ९.७ सेंटिमीटरवर न्यायला हवं. ही दोन टोकं बरोबर साधली आणि मधली सगळी आखणी समान अंशांनी केली, तर दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी छिद्र बरोबर मध्यावर, ६.८५ सेंटिमीटरवर येतं. तिथे ते हवं होतं ६ सेंटिमीटरच्या आसपास. फरक सेंटिमीटरभराचाही नाही, पण घड्याळ त्या दिवशी सुमारे पाऊण तास लवकर संपतं. हे आकडे मी आजच्या गणिताने काढलेत, त्याच्या ग्रंथातले नाहीत. सांगायचं एवढंच की टोकाच्या दोन दिवशी अचूक चालणारी तबकडी मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये उघडी पडते. ज्याने ती फक्त जूनमध्ये तपासली, तो ती बरोबर आहे असं छातीठोकपणे लिहून मोकळा होतो.

वर्गमुळाचा हा नियम टोरिचेली या इटालियन शास्त्रज्ञाने मांडला तो १६४० च्या दशकात. अल-जझरीकडे तो नव्हता. प्राचीन ग्रीक गणिती आर्किमिडीजच्या नावावर सांगितली जाणारी जलघड्याळाची रचना त्याच्यापुढे होती आणि त्या नावाचं वजन काही लहान नव्हतं. तरी त्याने पाणी मोजलं.

प्रस्तावनेत त्याची तक्रारही हीच आहे. आधीच्या विद्वानांनी यंत्रं लिहून ठेवली, पण सगळीच करून पाहिली नाहीत, आणि करून न पाहिलेलं काम खरं-खोटं यांच्यामध्ये हेलकावत राहतं. तो कुणावर घसरत नाही. बगदादच्या बनू मूसा बंधूंचं, म्हणजे नवव्या शतकातल्या तिघा भावांचं, काम त्याला माहीत होतं. त्यांच्या ग्रंथात शंभराच्या आसपास यंत्रं आहेत आणि डोकं चक्रावून टाकणारी आहेत. पण ती वाचताना यंत्र चालतं कसं ते कळतं, करायचं कसं ते आपल्यावर सोडलेलं असतं. अल-जझरी पत्रा किती वीत लांब कापायचा इथपासून सुरुवात करतो. लाकडाची मोठी तबकडी एकसंध फळीची करू नका, वाकते, म्हणून पातळ थर एकावर एक चिकटवून करा. चाक बसवण्याआधी ते तोलून पाहा. अवघड आकार आधी कागदाचा करून बघा. छिद्र मोजून पाडा आणि पाणी सोडून तपासा. धातू ओतताना दोन पेट्यांच्या बंद साच्यात ओलसर वाळू वापरा. ओतकामातली माणसं त्या वाळूला आजही ग्रीन सँड म्हणतात. हिरवी नसते, ओली असते एवढाच त्याचा अर्थ. पाणी ३ ते ५ टक्क्यांच्या आसपास ठेवायचं. जास्त झालं तर वितळलेल्या धातूखाली वाफ कोंडते आणि ओतीव तुकड्यात पोकळ्या राहतात. कमी झालं तर वाळूत दाबलेला नमुना (पॅटर्न) काढतानाच साच्याची कड ढासळते. मूठभर वाळू दाबून गोळा करायचा आणि मधून मोडायचा. कडा धारदार राहिल्या आणि हाताला चिखल लागला नाही, की ओतायला हरकत नाही.

त्याच्या कामातला माझ्या सर्वांत आवडीचा भाग म्हणजे शंकूच्या आकाराची झडप. त्या लहान टाकीतली पातळी स्थिर राहते ती हिच्या जिवावर. फ्लोटच्या माथ्यावर पितळी शंकू, वरच्या नळीच्या तोंडाला तशीच शंकूची बैठक. पातळी वाढली की फ्लोट उचलतो, शंकू बैठकीत बसतो, पाणी बंद. पातळी केसभर उतरली की पुन्हा सुरू. छतावरच्या टाकीतला बॉलकॉक याच जातीचा. आता शंकू आणि बैठक ओतून, कातून कितीही नीट केली तरी पाणी झिरपणारच. तो सांगतो की दोन्ही एकमेकांवर एमरी घालून घासा, पाणी थांबेपर्यंत. आजचा फिटर व्हॉल्व्ह लॅप करतो तो हेच करतो. आधी जाडी पेस्ट, मग बारीक. गोल गोल एकाच दिशेने फिरवायचं नाही, पाव फेरी पुढे, पाव मागे, आणि थोड्या थोड्या वेळाने शंकू उचलून वेगळ्या जागी टेकवायचा. नाही तर एकच मोठा कण एकाच वाटेने फिरत राहतो आणि बैठकीवर रिंगा उमटतात. रिंगा दिसायला छान असतात, पण त्यांतूनच पाणी जातं. मग सगळं रॉकेलने धुवायचं, कारण पितळ मऊ, एमरीचे कण त्यात रुततात आणि झडप पुढे कित्येक दिवस स्वतःलाच खात बसते. शेवटी शंकूला ब्लू, म्हणजे तपासणीचा निळा रंग, लावून टेकवून पाहायचं. बैठकीवर सलग, अरुंद पट्टा उमटला तर काम झालं. पट्टा रुंद झाला तर लोकांना आनंद होतो. तो चुकीचा आहे. रुंद पट्ट्यावर दाब पसरतो आणि हलका फ्लोट शंकूला पुरेसा दाबून धरू शकत नाही.

छिद्राचंही असंच. ज्या भोकातून घड्याळ चालतं ते भोक वर्षभर तेवढंच राहायला हवं. विट्रुव्हियस या रोमन इंजिनिअरने आपल्या ग्रंथात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसचं जलघड्याळ सांगितलंय. त्यातलं छिद्र सोन्यात किंवा रत्नात पाडलेलं असे, कारण ते पाण्याच्या माऱ्याने झिजत नाही आणि त्यात मळ धरत नाही. कारण एका ओळीचं आहे. पण ती ओळ असल्यामुळे सोनं परवडत नसलेला वाचक दुसरं काय चालेल याचा विचार करू शकतो: न झिजणारं, न गंजणारं, गुळगुळीत. ती ओळ नसती तर सोन्याचं छिद्र हा श्रीमंती थाट वाटला असता आणि कुणीतरी शहाणपणा करून तांब्याचं केलं असतं.

आजच्या मॅन्युअलमध्ये नेमकी हीच ओळ पहिल्यांदा गळते. मोटरच्या बेअरिंगला ग्रीस भरायचं असतं. मॅन्युअलमध्ये असतं, १२ ग्रॅम. बरोबर आहे. ६३०९ बेअरिंगचा बाहेरचा व्यास १०० मिलिमीटर, रुंदी २५, दोन्हींचा गुणाकार गुणिले ०.००५, म्हणजे साडेबारा ग्रॅम. पण जास्त भरलं तर काय होतं ते लिहिलेलं नसतं, म्हणून फिटर प्रेमाने चार पंप जास्त मारतो. जास्तीचं ग्रीस गोळ्यांमध्ये घुसळलं जातं, तापतं, त्यातलं तेल वेगळं होतं आणि बेअरिंग जातं. बाहेरून मात्र ग्रीस भरपूर दिसतं, त्यामुळे दोष बेअरिंगच्या मालाला. तसाच बोल्टचा टॉर्क, म्हणजे आवळताना द्यायचा पीळ. आकडा दिलेला असतो, आटे कोरडे की तेल लावलेले हे नसतं. कोरड्या आट्यांसाठी टॉर्कच्या सूत्रातला गुणक ०.२ धरतात, तेल लावलं तर ०.१५ च्या आसपास. म्हणजे तोच टॉर्क दिला तरी तेल लावलेल्या बोल्टमध्ये ताण तिसऱ्या हिश्श्याने जास्त. बोल्ट ताणला जातो, पुढच्या वेळी तोच पुन्हा वापरला जातो, आणि मग एक दिवस तुटतो. फ्लँज, म्हणजे पाइपांच्या जोडावरची चकती, समोरासमोरच्या बोल्टांनी आवळा, आधी ३० टक्के, मग ६०, मग पूर्ण, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. का, ते नसतं. एका बाजूने पूर्ण आवळत गेलं तर मधलं पॅकिंग (गॅस्केट) तिकडे चेपतं आणि समोरच्या बाजूला नंतर कितीही जोर लावला तरी फट भरत नाही.

हे गळण्यामागे लिहिणाऱ्याचा आळस क्वचितच असतो. मॅन्युअल अनेक भाषांत जातं आणि भाषांतराचा खर्च शब्दांवर मोजतात. विमानांच्या देखभालीसाठी बेतलेल्या नियंत्रित इंग्रजीचा नियम तर असा की कृतीचं वाक्य २० शब्दांच्या वर जाऊ नये, वर्णनाचं २५ च्या. धोक्याची सूचना कृतीच्या आधी, नंतर नाही. एका पायरीत एकच कृती. हे नियम ज्यांनी केले त्यांना यंत्रासमोर उभा असलेला माणूस माहीत आहे. रात्रपाळी आहे, हाताला ग्रीस आहे, एका हातात बॅटरी आहे. त्याला अल-जझरीचा परिच्छेद देऊन पाहा. शब्द लांबत जातात, एका अक्षराने दाखवलेला भाग अर्ध्या पानानंतर पुन्हा येतो आणि मधे दुसऱ्या तबकडीच्या चुकीची कथा. तो कागद फेकून देईल, आणि त्याचं बरोबर असेल. त्यामुळे माझं मन या बाबतीत एका बाजूला पडत नाही. चालत्या यंत्राजवळ छोटी पायरी हवी. पण सुटा भाग मिळत नाही, माप जुळत नाही, पर्यायी माल वापरायचाय, अशा दिवशी त्या छोट्या पायऱ्या मुक्या होतात, आणि मॅन्युअल उघडायची वेळ बहुतेक अशाच दिवशी येते.

अल-जझरी दुसऱ्याचं चांगलंही तेवढ्याच सरळपणे लिहितो. मेणबत्तीच्या घड्याळात त्याने यूनुस अल-अस्तुरलाबीची रचना आधी सांगितली, तिला मान दिला आणि मग तिच्यातले दोष. त्याच्या स्वतःच्या रचनेत मेणबत्ती एका टोपीला खालून टेकते, टोपीच्या भोकातून वात वर येते, वितळलेलं मेण टोपीतल्या खळग्यात साचतं आणि ते अधूनमधून काढून टाकता येतं. खाली बशी, बशीला कप्पीवरून वजन. जळेल तशी मेणबत्ती वर सरकते आणि ज्योत कायम एकाच उंचीवर राहते. साचलेलं मेण काढता आलं नाही तर ते वातीला बुडवतं, ज्योत मंद होते, घड्याळ मागे पडतं. आणि त्याचं हत्तीचं घड्याळ, ज्याची चित्रं सगळीकडे दिसतात, त्याच्या पोटात काय आहे? लग्नात मुहूर्तासाठी घंगाळात सोडत ते घटिकापात्रच म्हणा ना. तळाला भोक पाडलेली वाटी, अर्ध्या तासात भरून बुडणारी. आपलं पात्र बुडालं की भटजी ते हाताने उचलत. इथे बुडणाऱ्या वाटीने दोरी ओढली जाते, वरून गोळा सुटतो, सापाच्या जबड्यात पडतो, साप वजनाने खाली झुकतो आणि झुकताना वाटी वर ओढून रिकामी करतो. गोळे संपेपर्यंत माणसाची गरज नाही. गोळा हलका निघाला तर साप अर्ध्यातच थांबतो, वाटी पुरती रिकामी होत नाही आणि पुढचा अर्धा तास आखूड पडतो.

त्याच्या आकृत्या मोजमापाच्या नाहीत. एकाच चित्रात हौद समोरून दिसतो, चाक बाजूने, आणि पन्हळ वरून. प्रत्येक भागावर अक्षर, माप मजकुरात. म्हणजे चित्र आणि मजकूर एकमेकांशिवाय लंगडे. नेमकं तेच पुढे तुटलं. शतकानुशतकं नकला होत गेल्या, चित्रकार वाढत गेले, अंगरख्यांवरची वेलबुट्टी दाट झाली आणि दोरी कप्पीवरून जाते की खालून हे अस्पष्ट होत गेलं. १३१५ आणि १३५४ सालच्या दोन प्रतींची पानं तर सुटी करून विकली गेली आणि आज ती निरनिराळ्या संग्रहालयांत काचेमागे आहेत, सुंदर लघुचित्रं म्हणून. सुंदर आहेतच. पण त्यातल्या अक्षरांचा अर्थ ज्या पानावर होता ते पान दुसऱ्याच शहरात.

१९७४ साली डोनाल्ड हिलने इंग्रजी भाषांतर केलं तेव्हा हे धागे पुन्हा जुळले. हिल स्वतः इंजिनिअर, तेल आणि रसायन उद्योगात काम केलेला, त्यामुळे कुठे शब्दकोश उपयोगाचा नाही हे त्याला कळत असे. दोनच वर्षांनी लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये, मजकुरावरून, ते मोठं वाड्याच्या दर्शनी भागासारखं जलघड्याळ बांधून चालवून दाखवण्यात आलं. जवळजवळ ७७० वर्षांपूर्वीच्या मॅन्युअलसाठी ही परीक्षा फारच कडक म्हणायची.

कुणाला ती तबकडी करून पाहायची असेल तर फार सामान लागत नाही. आधी स्थिर पातळीची टाकी जमवा आणि झडप नीट घासा, बाकीचं त्याशिवाय व्यर्थ आहे. मोठा हौद वर-खाली सारख्याच व्यासाचा घ्या. तळाशी निमुळता असेल तर पाणी बरोबर पडूनही फ्लोट संध्याकाळी घाई करेल. छिद्र आधी लहान पाडा आणि मग वाढवत न्या, कारण मोठं झालेलं भोक परत लहान होत नाही. पाणी गाळून घ्या. पहिल्यांदा सर्वांत मोठ्या दिवसाची खूण करा, मग सर्वांत लहान दिवसाची, आणि मधल्या खुणा भूमितीने न आखता ठरावीक भांडं किती वेळात भरतं ते पाहून करा. प्रत्येक खुणेवर तीन-चार वेळा मोजा. थंडीत आणि उन्हात केलेल्या मोजण्या मिसळू नका. ५ अंशांचं पाणी २० अंशांच्या पाण्याच्या दीडपट चिकट असतं आणि भोक बारीक, लांब असेल तर तेवढ्याने वेग बदलतो. शेवटी समान दिवस-रात्रीच्या खुणेवर तबकडी ठेवून एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र चालवा. दोन्हींना लागलेला वेळ बारा-बारा तासांचा यायला हवा. नाही आला तर तबकडीला हात लावण्याआधी शंकू काढून बैठकीवरचा निळा पट्टा बघा.